प्राथमिक वर्गाला आहाराविषयी पहिल्यांदा शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

आहाराचा पाठ शिकवायला घेतला की बहुतेक नवे शिक्षक भिंतीवर अन्नघटकांचा तक्ता लावतात, कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे ही नावे फळ्यावर लिहितात आणि मुलांकडून ती पाठ करून घेतात. मुले ती पाठ करतातही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर काय होते, असे विचारल्यावर सात वर्षांचे मूल ‘रातांधळेपणा’ असे अचूक उत्तर देते आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत डब्यातले गाजराचे तुकडे तसेच ठेवून झाकण लावते. शिकवण्याच्या पहिल्या वर्षी मी हे रोज पाहत होते. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना गाजराची माहिती दिली होती, पण गाजराची ओळख करून दिली नव्हती.

मूल अन्न शिकते ते डोळ्यांनी, नाकाने, बोटांनी आणि जिभेने. कानाने ऐकलेले त्यानंतर येते. पुढे दिलेला सगळा क्रम या एकाच गोष्टीवर आधारलेला आहे. आठवड्याला एक तास धरला तर तो एका सत्रात आरामात पूर्ण होतो. मात्र वर्ग मोठा असेल किंवा वेळ कमी असेल तर पायऱ्या गाळण्यापेक्षा पदार्थांची संख्या कमी करावी.

सर्वांत आधी: वर्गाची माहिती

पहिला तास घेण्याआधी किमान एक आठवडा पालकांकडून माहिती गोळा करण्यासाठी ठेवावा. एक छोटे पत्र पाठवून तीन प्रश्न विचारावेत: मुलाला कोणत्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का, मधुमेहासारख्या आजारामुळे काही पथ्य आहे का, आणि श्रद्धेमुळे किंवा घरच्या रीतीमुळे एखादा पदार्थ वर्ज्य आहे का. दूध, अंडे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जलचर आणि तीळ यांमुळे अ‍ॅलर्जी होण्याचे प्रमाण इतर पदार्थांपेक्षा जास्त असते, म्हणून ही नावे पत्रात स्पष्ट लिहावीत. नुसते ‘अ‍ॅलर्जी आहे का?’ असे विचारल्यास अनेक पालक औषधांची अ‍ॅलर्जी समजून ‘नाही’ असे उत्तर देतात.

वर्गातल्या एका जरी मुलाला ज्या पदार्थाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, तो पदार्थ वर्गात आणूच नये. ‘तू एवढे खाऊ नकोस’ असे त्या मुलाला सांगणे पुरेसे नसते, कारण काही मुलांना दुसऱ्याच्या हाताला लागलेला कणही पुरतो. ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास घेताना त्रास होणे किंवा मूल एकाएकी गळून जाणे ही लक्षणे दिसली, तर पालकांच्या फोनची वाट पाहत न बसता तात्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. शाळेत हे काम कोणी करायचे आणि मुलाचे औषध कोठे ठेवलेले आहे, हे पहिल्या तासापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

पत्राने न कळणारी एक गोष्ट मात्र स्वतः डोळे उघडे ठेवून जाणून घ्यावी लागते, आणि ती म्हणजे मुलांच्या घरची परिस्थिती. प्राथमिक शाळेतले मूल बाजारात जात नाही, पैसे खर्च करत नाही आणि स्वयंपाकही करत नाही. त्याच्या पुढ्यात जे येते ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. त्यामुळे ‘रोज फळे खाल्लीच पाहिजेत’ हे वाक्य ज्याच्या घरी फळे रोज परवडत नाहीत त्या मुलाला स्वतःच्या आईवडिलांवरील आरोपासारखे ऐकू येते. असे वाक्य वर्गात उच्चारण्याआधी समोरच्या प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

कोणत्या वयाला काय पेलते

बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण सात ते अकरा या वयातली मुले प्रत्यक्ष समोर असलेल्या वस्तूंबाबत तर्कशुद्ध विचार करू शकतात, पण न दिसणाऱ्या, अमूर्त कल्पना त्यांना अजून अवघड जातात. ‘प्रथिन’ ही अशीच न दिसणारी कल्पना आहे. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलांना पदार्थांची नावे, ते कोठून येतात, त्यांचे रंग, वास, चवी आणि जेवणाआधीची स्वच्छता एवढेच द्यावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पदार्थांचे गट, त्यांची शरीरातली कामे आणि सोपे प्रयोग देता येतात. नऊ-दहा वर्षांची मुले वेष्टनावरचा मजकूर वाचू शकतात, गुणाकार-भागाकार करून साखर मोजू शकतात आणि जाहिरात आपल्याला काय करायला सांगते आहे हेही ओळखू शकतात. लहान वर्गाला मोठ्या वर्गाचा पाठ देण्याचा मोह होतो, पण त्यातून फक्त पाठांतर वाढते.

शब्द जपून वापरावेत

हा भाग नव्या शिक्षकाने सर्वाधिक गांभीर्याने घ्यावा, कारण एक चुकीचा पाठ पुढच्या आठवड्यात दुरुस्त करता येतो, पण जेवणाविषयी मनात बसलेली लाज अनेक वर्षे जात नाही.

पहिला नियम असा की पदार्थांना ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे म्हणू नये. लहान मूल पदार्थाचे विशेषण स्वतःला लावून घेते. वाईट पदार्थ खाणारा तो वाईट मुलगा, असा सरळ हिशेब त्याच्या मनात तयार होतो. त्याऐवजी ‘रोजचे पदार्थ’ आणि ‘कधीतरीचे पदार्थ’ असे दोन शब्द मी वापरते. कधीतरीच्या पदार्थांत गोड पेये, गोळ्या, चॉकलेट, तळलेले आणि फार खारट खाद्यपदार्थ येतात. ते निषिद्ध नाहीत. ते पोट भरण्यासाठी नसून सणासुदीच्या आनंदासाठी असतात, एवढे मुलांना समजते आणि पटतेही.

दुसरा नियम शरीराविषयीचा आहे. वर्गासमोर मुलांची वजने घेऊ नयेत, ‘जाड’, ‘बारीक’, ‘सुकलेला’ असे शब्द कौतुकानेही वापरू नयेत, आणि वजन कमी करण्याविषयी, स्वतःच्या उपवासाविषयी किंवा डाएटविषयी मुलांपुढे बोलू नये. ‘हे खाल्लेस तर लठ्ठ होशील’ या धाकाऐवजी ‘हे खाल्लेस तर धावताना दम टिकेल’ असे शरीराच्या कामाशी जोडलेले कारण द्यावे. कॅलरी मोजायला प्राथमिक वर्गात शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. वाढत्या वयातल्या मुलाने आकड्यांकडे पाहून जेवण थांबवायला शिकणे धोक्याचे आहे; त्याने भूक आणि तृप्ती या स्वतःच्या शरीराच्या खुणा ओळखायला शिकले पाहिजे.

तिसरा नियम बक्षिसांचा. भाजी संपवली तर चॉकलेट मिळेल, असे आमिष दाखवणे सोपे असते आणि त्या क्षणापुरते ते उपयोगीही पडते. पण लिआन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांबरोबर केलेल्या प्रयोगांतून याची दुसरी बाजू दिसली. जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला जातो त्याची मुलांना वाटणारी गोडी वाढते, आणि जो पदार्थ बक्षिसासाठी खावा लागतो त्याची गोडी कमी होते. म्हणजे आमिषाने आपण नेमके उलटे शिकवतो. वाढदिवसाला किंवा शर्यत जिंकल्यावर वर्गात गोळ्या वाटण्याची सवय असेल, तर तिच्या जागी गोष्ट निवडण्याचा मान किंवा खेळाची दहा मिनिटे जास्त देता येतात.

दुसऱ्याच्या पानाला नावे ठेवायची नाहीत, हा नियम मात्र मुलांनाही पाळायला सांगावा आणि त्यात कोणालाही सूट देऊ नये, शिक्षकांनाही नाही.

पहिला तास: एकच पदार्थ, पाच ज्ञानेंद्रिये

पहिल्या तासाला एकच भाजी किंवा एकच फळ न्यावे. मी गाजराने सुरुवात करते, कारण ते कच्चे खाता येते, मऊ पडत नाही, त्याला पाने असतात आणि ते जमिनीखाली वाढते याचे मुलांना नवल वाटते. शक्य असेल तर पानांसकट, माती लागलेले गाजर न्यावे. आधी सर्वांनी हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. वीस सेकंद म्हणजे किती हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही, म्हणून सावकाश एक ते वीस अंक मोठ्याने म्हणत हात चोळायला सांगावे.

पहिली दहा मिनिटे खाण्याचा उल्लेखही करू नये. गाजर हातोहात फिरवावे. ते जड आहे की हलके, खरखरीत आहे की गुळगुळीत, पानांचा वास आणि गाजराचा वास सारखा आहे का, मोडल्यावर कसा आवाज येतो, आडवे कापले तर आत काय दिसते आणि उभे कापले तर काय, असे प्रश्न विचारावेत. उत्तरे फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहावीत. येथे आपली भाषा फार मोठी मदत करते, कारण अन्नाच्या स्पर्शासाठी आणि चवीसाठी मराठीत शब्दांची खाण आहे: कुरकुरीत, करकरीत, रसरशीत, खुसखुशीत, रवाळ, चिवट, ठिसूळ, बुळबुळीत, मऊसूत, तुरट, गोडसर, आंबूस, उग्र. ज्या मुलाजवळ फक्त ‘छान’ आणि ‘शी’ हे दोनच शब्द असतात, त्याला प्रत्येक नव्या पदार्थाविषयी या दोन टोकांपैकी एकच निवडावे लागते. ज्याच्याजवळ ‘करकरीत पण जरा उग्र’ हे शब्द असतात, ते मूल पदार्थाबद्दल निवाडा न देता त्याचे वर्णन करू लागते, आणि वर्णन करता करता नकळत दुसरा तुकडा तोंडात टाकते. हा बदल मी इतक्या वेळा पाहिला आहे की शब्दांच्या या यादीला मी या पाठाचा कणा मानते.

त्यानंतर चाखणे. बोटाच्या पेराएवढा तुकडा प्रत्येकासमोर कागदावर ठेवावा आणि चाखण्याच्या चार पायऱ्या सांगाव्यात: नुसते हुंगणे, ओठांना लावणे, जिभेला लावणे आणि चावणे. प्रत्येकाने आपल्याला जमेल त्या पायरीपर्यंत जावे. चावल्यावर नकोसे वाटले तर तुकडा कागदात गुंडाळून टाकण्याची मुभा असावी. ही मुभा आहे असे कळले की भित्रे मूलही धीर करते. न आवडल्यास म्हणायचे वाक्य ठरवून द्यावे: ‘मला हे अजून आवडले नाही.’ ‘अजून’ हा शब्द गाळू देऊ नये.

चाखण्याची सक्ती कधीही करू नये, आणि एखाद्याने नकार दिला तर त्याची मनधरणीही करू नये. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जेवणाच्या जबाबदारीची जी विभागणी सांगितली आहे ती येथे कामी येते: काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे.

त्याच पदार्थाकडे पुन्हा वळणे

नव्या अन्नाची भीती हा हट्टीपणा नसतो. साधारण दोन ते सहा या वयात ती सर्वाधिक असते आणि पुढे ओसरत जाते, त्यामुळे पहिलीच्या वर्गात ती शिल्लक असणे अगदी स्वाभाविक आहे. नवा पदार्थ स्वीकारण्यासाठी अनेक मुलांना तो आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, असे संशोधनात दिसून आले आहे. मोठी माणसे बहुधा तीन-चार प्रयत्नांनंतर ‘याला हे आवडतच नाही’ असे ठरवून मोकळी होतात. म्हणून सत्रात पंधरा नवे पदार्थ आणण्याऐवजी चार-पाचच पदार्थ निवडावेत आणि ते फिरून फिरून, वेगवेगळ्या रूपांत आणावेत: गाजर एकदा कच्चे, एकदा किसून, एकदा वाफवून, एकदा लिंबू पिळून.

काही मुलांना कडू चव खरोखरच इतरांपेक्षा जास्त लागते. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली, तर स्वतः फॉक्सला तिची चवच लागली नाही. हा फरक मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो हे पुढे सिद्ध झाले. कोबी किंवा फुलकोबी पाहून तोंड फिरवणारे मूल नाटक करत असेलच असे नाही, हे शिक्षकाने लक्षात ठेवावे.

गट आणि ताट

चार-पाच पदार्थांशी हात, नाक आणि जीभ परिचित झाल्यावर गटांकडे वळावे. ताकद देणारे, शरीर बांधणारे आणि शरीराचे रक्षण करणारे ही जुनी तीन भागांची विभागणी मुलांना सहज कळते. धान्ये, बटाटा, तेल-तूप हे पहिल्या गटात. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे, मांस दुसऱ्या गटात. भाज्या आणि फळे तिसऱ्या गटात. तिची मर्यादाही मुलांना सांगावी, कारण नऊ वर्षांचे हुशार मूल ती स्वतःच शोधून काढते: डाळीत प्रथिने असतात तशी कर्बोदकेही असतात, दुधात प्रथिनांबरोबर कॅल्शियम आणि स्निग्धांशही असतो. ‘हा पदार्थ कोणते काम सर्वांत जास्त करतो?’ असा प्रश्न विचारला की गोंधळ होत नाही.

ताकद देणाऱ्या पदार्थांविषयी बोलताना एक गोष्ट सांगितली की वर्ग शांत होऊन ऐकतो. पाच वर्षांच्या आसपास मुलाचे शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक एकटा मेंदू वापरतो. उपाशीपोटी गणिते का सुटत नाहीत, हे यानंतर वेगळे समजावावे लागत नाही.

ताट शिकवण्यासाठी कागदाची मोठी गोल चकती घ्यावी आणि घडी घालून तिचे चार भाग करावेत. दोन भाग भाज्या-फळांचे, एक धान्यांचा, एक प्रथिने देणाऱ्या पदार्थांचा. शेजारी पाण्याचा पेला. चित्रे चिकटवताना मुलांना घरी जे खरोखर शिजते तेच काढू द्यावे. मासिकातली गुळगुळीत चित्रे कापून आणायला सांगितली की घरचे जेवण कमी प्रतीचे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान २५० ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी ३५० ग्रॅम आणि दहा वर्षांपासून पुढे सर्वांनी ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. हे आकडे शिक्षकासाठी आहेत. मुलांना ‘प्रत्येक जेवणात एक तरी भाजी किंवा फळ’ एवढे पुरते.

हाताने करून पाहायचे चार प्रयोग

पहिला प्रयोग तोंडातच होतो. पावाचा साधा, गोड नसलेला तुकडा प्रत्येकाने न गिळता एक-दीड मिनिट सावकाश चावावा. हळूहळू तो किंचित गोड लागू लागतो, कारण लाळेतले विकर (पचनाला चालना देणारा घटक) पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर करू लागते. पचन पोटात नव्हे तर तोंडात सुरू होते आणि सावकाश चावण्याला अर्थ आहे, या दोन्ही गोष्टी मुलांना स्वतःच्या जिभेवर कळतात. गव्हाचे पथ्य असलेल्या मुलासाठी भाताची शिते वापरावीत.

दुसरा प्रयोग पिष्ट शोधण्याचा. आयोडीनचे पातळ द्रावण बटाट्याच्या कापावर, भातावर, काकडीच्या चकतीवर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागावर एकेक थेंब टाकावे. पिष्ट असेल तेथे तपकिरी रंग निळा-काळा होतो. थेंब शिक्षकाने स्वतः टाकावेत, डाग पडू नयेत म्हणून खाली कागद अंथरावा, आणि तपासलेला एकही तुकडा कोणी खाऊ नये, हे दोनदा सांगावे. तिसरा प्रयोग अगदी साधा आहे. शेंगदाणा, खोबरे, काकडी आणि एखादा तळलेला पदार्थ पांढऱ्या कागदावर घासून कागद वाळू द्यावा आणि उजेडासमोर धरावा. पाण्याचा डाग नाहीसा होतो, तेलाचा अर्धपारदर्शक डाग तसाच राहतो. ज्या वर्गात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे तेथे अर्थातच शेंगदाणा वगळावा.

चौथ्या प्रयोगात अंडे कवचासह व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. लगेच बुडबुडे येऊ लागतात आणि एक-दोन दिवसांत कवच विरघळून अंडे रबरासारखे मऊ होते. आम्लामुळे कवचातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. साखर खाऊन तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते दातांवर काम करते, हे यावरून सांगता येते. पण दातांचे खनिज कवचापेक्षा वेगळे आणि बरेच टणक असते, हेही सांगावे, नाहीतर एखादे मूल रात्री आपले दात मऊ झाले का हे तपासत बसते.

आठ वर्षांपुढील मुलांसाठी दोन खऱ्या गोष्टी

जीवनसत्त्वांचा पाठ गोष्टीतून सुरू करावा. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्ही हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे जेवण सारखेच, पण प्रत्येक जोडीला रोज एक वेगळा उपाय दिला: कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, आणि एका जोडीला दोन संत्री व एक लिंबू. फळे सहा दिवसांत संपली, तोवर त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याजोगा झाला होता. येथे गोष्ट थांबवून मुलांना विचारावे की सर्वांचे जेवण सारखे का ठेवले असेल. त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित द्यायला १७९५ साल उजाडले.

दुसरी गोष्ट जावा बेटावरची. १८९०च्या सुमारास तेथे बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पाय लुळे पडून आजारी झाल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळले की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, सडलेल्या (म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या) तांदळाचा भात मिळत होता, आणि नव्या स्वयंपाक्याने तो बंद केल्यावर कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला होता. तांदूळ कांडून सडताना जो कोंडा टाकून दिला जातो, त्यातच पुढे ‘ब१’ जीवनसत्त्व सापडले. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सडलेला आणि न सडलेला तांदूळ दोन वाट्यांत शेजारी शेजारी ठेवून ही गोष्ट सांगावी.

वेष्टनावरचा मजकूर आणि साखरेचे गणित

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना घरातून रिकामी वेष्टने आणायला सांगावे. ज्यांच्या घरी पाकीटबंद पदार्थ येत नाहीत त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून शिक्षकाने स्वतःजवळही पुरेशी वेष्टने ठेवावीत. पहिली शिकवण अशी की घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. यादीत साखर पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर समोरचे फळाचे चित्र कितीही मोठे असले तरी त्या पदार्थात साखर भरपूर आहे. ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज, माल्टोज ही साखरेचीच नावे असल्याचेही सांगावे.

मग गणित. एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम. एखाद्या गोड पेयाच्या १०० मिलिलीटरमध्ये १० ग्रॅम साखर असेल, तर ३०० मिलिलीटरच्या बाटलीत ३० ग्रॅम, म्हणजे साडेसात चमचे होतात. हे चमचे मोजून, रिकाम्या पारदर्शक पेल्यात टाकून दाखवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा दहा चमचे आणि शक्यतो पाच चमचे अशी येते. हा हिशेब शिक्षकाने मनात ठेवावा. मुलांसमोर पेल्यातला ढीग पुरेसा बोलका असतो. अख्ख्या फळातली साखर यात मोजत नाहीत, हे मात्र आवर्जून सांगावे, नाहीतर मुले सफरचंदाला घाबरू लागतात.

घराशी जोडणी

पालकसभेत आहारावर व्याख्यान देण्याऐवजी मुलांनी केलेल्या शब्दांच्या याद्या आणि कागदी ताटे भिंतीवर लावावीत. पालक ती वाचतात आणि प्रश्न विचारतात. तेव्हा दोनच उपयोगी गोष्टी सांगाव्यात. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्वाचा एखादा पदार्थ, म्हणजे लिंबू, टोमॅटो किंवा आंबट फळ, असावा आणि चहा जेवणाबरोबर देऊ नये. दुसरे असे की मुलाच्या ताटात थोडेच वाढावे आणि त्याने मागितल्यावर पुन्हा वाढावे; ताट चाटूनपुसून संपवण्याची सक्ती केल्याने पोट भरल्याची खूण ओळखण्याची मुलाची उपजत क्षमता बोथट होते.

सत्राअखेर काय तपासावे

लेखी परीक्षा घेऊ नये. त्याऐवजी एक नोंदवही ठेवावी आणि मधल्या सुट्टीत काय दिसते ते आठवड्यातून एकदा दोन-तीन ओळींत लिहावे: कोणते मूल कोणत्या पायरीपर्यंत चाखू लागले, कोणी नवे शब्द वापरले, दुसऱ्याच्या डब्याला नावे ठेवणे कमी झाले का, हात न सांगता धुतले जातात का. कोणी किती खाल्ले याची नोंद करू नये आणि ही वही मुलांच्या हाती पडू देऊ नये.

या वहीत कधी कधी वेगळीच गोष्ट दिसू लागते. एखादे मूल सलग काही आठवडे रिकामा डबा आणते, दुसऱ्याचे उरलेले मागते, सकाळच्या तासांना डोके बाकावर टेकून बसते. किंवा एखादे मूल आवडीचे पदार्थही टाळू लागते, जेवताना लपते, स्वतःच्या शरीराविषयी नाराजीने बोलते, अंगाने झपाट्याने उतरते. अशा वेळी पाठ बाजूला ठेवून मुख्याध्यापकांशी आणि पालकांशी त्याच आठवड्यात, इतर कोणाच्या कानावर न जाता बोलावे, शाळेत मिळणाऱ्या जेवणाची किंवा मदतीची सोय असल्यास ती मूल ओशाळणार नाही अशा रीतीने मिळवून द्यावी, आणि दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांकडे नेण्याचा सल्ला पालकांना स्पष्ट शब्दांत द्यावा.